हात वर जात नाही? आधी दुसऱ्याला उचलून बघायला सांगा

वाचकांचे प्रश्न, फिजिओथेरपिस्टची उत्तरं

या वेळी बेळगाव, खानापूर, निपाणी, संकेश्वर भागातून आलेले प्रश्न वाचले तर जवळजवळ सगळे एकाच जातीचे निघाले. कुणाचा खांदा अडकलाय, कुणाचं कोपर, कुणाचा गुडघा, म्हणजे सांधा पूर्वी जिथवर जायचा तिथवर आता जात नाही. उत्तरांच्या आधी एक गोष्ट सगळ्यांनाच सांगून टाकते कारण ती खाली सारखी सारखी येणार आहे. सांधा किती हलतो हे आम्ही दोनदा बघतो. एकदा पेशंटला म्हणतो तुम्ही स्वतः उचला, आणि मग म्हणतो आता हात सैल सोडा, मी उचलते. दोन्ही वेळा एकाच जागी अडकला तर अडचण बहुतेक सांध्यात किंवा त्याच्या आवरणात आहे. पण तुमचा तुम्हाला अर्ध्यापर्यंतच जातोय आणि मी नेला की वरपर्यंत जातोय, तर सांधा मोकळा आहे, ओढणारा स्नायू किंवा त्याला हुकूम देणारी नस यांच्यात काहीतरी बिघडलंय. पहिल्याला अ‍ॅक्टिव्ह म्हणतात, दुसऱ्याला पॅसिव्ह. एवढ्या साध्या गोष्टीत बरंचसं निदान होतं, मशीन लागत नाही. घरी पण करून बघता येतं, फक्त हळू, दुखलं की थांबायचं, आणि ताजा मार असेल किंवा हाड मोडल्याची शंका असेल तर हात लावायचा नाही.

प्रश्न: मॅडम नमस्कार, मी शहापूर, बेळगावची. वय ५२, शुगर आहे बरीच वर्षं, गोळ्या चालू आहेत. उन्हाळ्यापासून उजवा खांदा दुखायलाय, आधी वाटलं पापड लाटून भरून आला असेल, पण आता वेणी घालायला येत नाही, ब्लाउजचं हुक मागून लागत नाही, रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही. फिजिओकडे गेले तर कागदावर लिहून दिलंय, समोरून वर ९५, बाजूनं वर ७०, बाहेर फिरवणे १५, पॅसिव्ह पण तेवढंच. याचा अर्थ काय हो? शेजारीण म्हणते कुणाला तरी सांगून एकदा जोरात ओढून घे, मोकळा होतो. ओढू का?

उत्तर: अक्का, ओढू नका. आणि त्या कागदावरचे शेवटचे तीन शब्द, "पॅसिव्ह पण तेवढंच", तेच सगळ्यात कामाचे आहेत. म्हणजे फिजिओनं स्वतः उचलून बघितलं तरी खांदा तिथंच अडला.

आकडे आधी घेऊ. चांगला खांदा समोरून आणि बाजूनं १८० अंश वर जातो, म्हणजे दंड कानाला लागतो. कोपर बगलेला चिकटवून पुढचा हात बाहेरच्या बाजूला फिरवला तर साधारण ६० अंश जायला पाहिजे. तुमचं वर जाणं जवळपास निम्म्यावर आलंय आणि बाहेर फिरवणं तर पावावर. ही जी तऱ्हा आहे ना, सगळ्यात जास्त मार बाहेर फिरवण्याला, मग बाजूनं उचलण्याला, ती फ्रोझन शोल्डरची असते. वय चाळीस ते साठ, बाई, त्यात शुगर, सगळं जुळतंय. सर्वसाधारण लोकांत शंभरात दोन ते पाच जणांना हे होतं असं धरतात, मधुमेहात हाच आकडा दहा ते वीसवर जातो. तरी एकदा एक्सरे काढून घ्या, कारण सांधा झिजलेला असेल तरी तो असाच अडतो, आणि ते एक्सरेतच दिसतं.

आत काय झालंय तर खांद्याच्या गोळ्याभोवती एक पातळ सैल पिशवी असते, हात खाली असताना तिला बगलेत चुण्या असतात, त्या उलगडतात म्हणून हात वर जातो. ती पिशवी आधी सुजते मग जाड होऊन आकसते, पहिल्या धुण्यात आटलेल्या ब्लाउजसारखी, आता ब्लाउज आटला तर तुम्ही हात जोरात घालून तो मोठा करत नाही, फाडता. ओढण्याबद्दल माझं म्हणणं एवढंच. भूल देऊन खांदा मोकळा करतात हे खरं आहे, पण ते ऑर्थोपेडिक सर्जन करतो, ऑपरेशन थिएटरात, आणि तेही बाकी सगळं करून झाल्यावर.

फ्रोझन शोल्डर हे नाव १९३४ मध्ये बोस्टनच्या अर्नेस्ट कॉडमन या सर्जननं दिलं, आणि आजही जो पहिला व्यायाम आम्ही देतो तो त्याच्याच नावानं ओळखला जातो. टेबलावर डावा हात टेकून पुढं वाका, उजवा हात लोंबू द्या, आणि अंग हलवा, हात हलवू नका, अंगाबरोबर हात आपोआप झुलला पाहिजे, लोक नेमका इथंच हात ताठ करून फिरवतात आणि मग म्हणतात दुखतंय. दुसरा, भिंतीसमोर उभं राहून बोटांनी भिंत चढायची, पण आरशात बघा, खांदा कानाकडे वर सरकतोय का? कारण १८० अंशातले १२० गोळ्याच्या सांध्यातून येतात आणि ६० पाठीवरच्या फऱ्याच्या हाडाच्या सरकण्यातून, खांदा अडला की फरा त्याचं पण काम ओढायला लागतो आणि आपल्याला वाटतं हात वर गेला. तिसरा सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात कमी लोक करतात तो: उताणं झोपा, कोपर अंगाला लावून त्याखाली टॉवेलची घडी, दोन्ही हातात लाटण्यापेक्षा जरा लांब काठी धरा आणि डाव्या हातानं ढकलून उजवा हात बाहेर न्या. दहा-पंधरा वेळा, दिवसातून दोनतीनदा, आधी गरम पाण्याचा शेक घेतला तर बरं. मागं हात नेऊन टॉवेल ओढायचा व्यायाम यूट्यूबवर सगळे दाखवतात, तो आत्ता नको, दुखणं उतरल्यावर.

किती दुखू द्यायचं? करताना ताण आला, थोडं दुखलं आणि अर्ध्या तासात शांत झालं तर बरोबर. रात्रभर ठणकलं तर जास्त झालं, दुसऱ्या दिवशी कमी करा, पण बंद करू नका.

वेळ लागणार हे मात्र आधीच मनात धरा. आधी दुखण्याचे महिने, मग दुखणं कमी पण आखडलेपणा तसाच असे महिने, मग हळूहळू सुटण्याचे, मिळून वर्ष ते तीन वर्षंपण जातात. सुरुवातीला दुखणं फार असेल तर सांध्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन देतात, त्यानं झोप लागते आणि व्यायाम करता येतो, पण शुगरवाल्यांची शुगर त्यानंतर काही दिवस वाढते, म्हणून ऑर्थोच्या डॉक्टरना आणि शुगरच्या डॉक्टरना दोघांनाही आधी सांगा. आणि वेणी घालायला पूर्ण १८० लागत नाहीत, घरातली बहुतेक कामं १२० पर्यंत हात वर गेला की होतात. तोपर्यंत पुढं हुक असलेला ब्लाउज शिवून घ्या, टेलरला सांगायला लाजू नका.

प्रश्न: मी खानापूर तालुक्यातला. नातू ८ वर्षाचा, फणसाच्या झाडावरून पडला, कोपराच्या जरा वर हाड मोडलं. बेळगावला नेऊन तारा घालून प्लास्टर केलं, चार आठवड्यांनी काढलं. आता तीन आठवडे झाले तरी हात पूर्ण सरळ होत नाही आणि पूर्ण मिटत पण नाही. आमच्याकडे हाडवैद्य आहेत, तेल लावून चोळून चार बैठकीत सरळ करून देतो म्हणतात. त्यांच्या वडिलांनी माझा पाय बसवला होता, अजून चालतोय. पण सून ऐकत नाही, रडते. फिजिओ करायला रोज बेळगावला कोण नेणार, शेतीची कामं आहेत. काय करावं?

उत्तर: आबा, सुनेचं ऐका. तुमचा पाय चांगला बसला त्याबद्दल वाद नाही, पण कोपर हा सांधा वेगळ्या स्वभावाचा आहे, आणि लहान मुलाचं नुकतंच मोडलेलं कोपर चोळून, दाबून सरळ करणं हे आमच्या धंद्यात बघितलेल्या सगळ्यात वाईट गोष्टींपैकी एक आहे, म्हणून जरा लांब लिहिते.

कोपराच्या पुढं दंडाचा एक जाड स्नायू हाडाला अगदी चिकटून जातो. फ्रॅक्चरमध्ये तो पण दुखावलेला असतो, आत रक्त साकळलेलं असतं. अशा स्नायूला जोरानं चोळलं, किंवा हात धरून ताणला, की पुन्हा फाटतो पुन्हा रक्त साकळतं, आणि शरीर चुकीचा अर्थ घेऊन त्या मांसातच हाड तयार करायला लागतं. त्याला मायोसायटिस ऑसिफिकन्स म्हणतात. मग जो हात नुसता आखडला होता तो खरोखरच अडकतो, दोन हाडांच्या मध्ये तिसरं हाड आल्यावर कसा हलणार? आपल्याकडे अशा केसेस येतात त्यातल्या बऱ्याच जणांच्या तोंडून एकच गोष्ट निघते, प्लास्टर काढल्यावर मालिश केलं होतं. मी स्वतः फिजिओ असून सांगते, माझ्या धंद्यातल्या कुणी जोर लावून कोपर सरळ करायला घेतलं तरी तिथून उठून या.

आता चांगली बातमी. लहान मुलांच्या या फ्रॅक्चरमध्ये हात परत येतो, आणि बहुतेक मुलांत फिजिओच्या सेशनशिवाय येतो. कोपर चांगलं असलं तर पूर्ण सरळ शून्यापासून १४०-१४५ अंशांपर्यंत मिटतं. प्लास्टरनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत बरंचसं परत मिळतं, उरलेलं काही महिन्यांत, शेवटचे चारपाच अंश वर्षभर सुद्धा रेंगाळतात. तीन आठवडे म्हणजे काहीच नाही.

त्याच्याकडून करून घ्यायचं ते एवढंच की हात त्यानं स्वतः हलवायचा, दुसऱ्या कुणी नाही. जेवताना त्याच हातानं घास, भाकरी तोंडापर्यंत न्यायला कोपर बरंच मिटतं. आंघोळीला कोमट पाण्याच्या बादलीत हात घालून मग तांब्यानं स्वतः अंगावर पाणी. बॉल फेकणं, खडूनं भिंतीवर उंच चित्र काढणं, दोरीवर कपडे टाकणं. दप्तर त्या हातात लोंबकळत धरून सरळ होईल असं काही लोक करतात, ते नको. झाड पण सध्या नको, हे तुम्हाला सांगायला नको.

हिशोबासाठी दर आठवड्याला एक फोटो काढा, बाजूनं, एकदा जितका सरळ होतो तितका आणि एकदा जितका मिटतो तितका. फोटोत पुढं सरकताना दिसेल, रोज बघून दिसत नाही. घरकामाला साधारण ३० ते १३० अंश एवढी हालचाल पुरते असं १९८१ मध्ये अमेरिकेतल्या डॉ. मॉरी यांनी मोजून दाखवलं होतं, म्हणजे दोन्ही टोकाचं थोडं कमी राहिलं तरी पोराचं काही अडत नाही (मोबाईल कानाला लावायला मात्र १३० पेक्षा जास्त मिटावं लागतं, पण आठ वर्षाच्या पोराला ते नाही जमलं तर बरंच आहे).

उशीर न करता दाखवायचं कधी? आधी सुधारत होतं आणि मग उलटं कमी व्हायला लागलं, कोपर गरम सुजलेलं लागतंय, पुढं गाठ लागतेय, किंवा बोटं बधिर, करंगळीला मुंग्या. यातलं काहीही असलं तर ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांकडेच. नाहीतर तारा काढून झाल्यात का, पुढची तारीख कधी एवढं बघा आणि पोराला खेळू द्या.

प्रश्न: आमचे अण्णा, वय ६८, संकेश्वर. उजवा गुडघा बदलून दोन महिने झाले. १०५ पर्यंत वाकतो, डॉक्टर खूष आहेत. अण्णा नाहीत. म्हणतात मांडी घालून भजनाला बसता येईना तर एवढा खर्च कशाला केला, आणि पुढच्या आषाढीला वारीला जाणार म्हणतात ते वेगळंच. गुडघा अजून वाकवायला काय करायचं?

उत्तर: अण्णांना एक हिशोब वाचून दाखवा. सपाट रस्त्यावर चालायला गुडघा ६० ते ७० अंश वाकला की झालं. जिना चढउतार, ८० ते १००. खुर्चीतून उठायला नव्वदच्या आसपास ते जरा वर. मांडी घालायला ११० ते १३०, आणि त्यात गुडघ्याबरोबर खुबा पण बाहेर वळावा लागतो. उकिडवं बसायला त्याच्याही वर. म्हणजे वारीला लागणारे अंश अण्णांच्या खिशात आत्ताच आहेत, भजनाला लागणारे नाहीत, गंमतच आहे की नाही. वारीला अडेल तर ते ताकद आणि दम यावरून अडेल, त्याची तयारी आत्तापासून आणि डॉक्टरांना विचारून.

बदललेला गुडघा बहुतेकांत ११० ते १२५ च्या दरम्यान थांबतो. तो किती वाकणार हे ऑपरेशनच्या आधी किती वाकत होता यावरून सगळ्यात जास्त ठरतं, हे कुणी आधी सांगत नाही. ऑपरेशनच्या आधीची चारपाच वर्षं अण्णा जमिनीवर बसत होते का, की खुर्चीवरच? खुर्चीवर असतील तर मांडीची अपेक्षा नव्या गुडघ्याकडून करणं जरा अन्याय आहे. दोन महिन्याला १०५ हे खरंच छान आहे, आणि अजून थोडं वाढेल. खुर्चीत बसून पाय मागं सरकवायचा, पाऊल जमिनीवर ठेवून ढुंगण पुढं सरकवायचं, थांबायचं, परत. जमिनीवर बसायला परवानगी आहे का ते मात्र ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांनाच विचारा, कुठला सांधा बसवलाय त्यावर असतं ते.

मला अण्णांच्या वाकण्याची काळजी कमी आहे, सरळ होण्याची जास्त. सगळं घर "किती वाकला" विचारतं, "पूर्ण सरळ होतो का" कुणी विचारत नाही. गुडघा पाचदहा अंश वाकलेलाच राहिला तर उभं राहतानापण मांडीचा स्नायू सारखा काम करत राहतो, थकवा येतो, लंगडायला होतं, तो पाय आखूड पडल्यासारखा होतो. रात्री गुडघ्याखाली उशी घालून झोपतात का बघा. ती आरामाची वाटते आणि तीच घात करते, काढा. त्याऐवजी दिवसा दोनचार वेळा टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून गुडघा मोकळा खाली जाऊ द्यायचा, पाच मिनिटं, आणि वर मांडी घट्ट करून गुडघ्याची मागची बाजू गादीकडे दाबायची.

भजनाला खुर्ची. टाळ वाजवायला गुडघा लागत नाही.

प्रश्न: आई निपाणीत लहानपणापासून विड्या वळते, आता ५८. मान उजवीकडे वळतच नाही म्हणते, रस्ता ओलांडताना सगळं अंग वळवते. एक्सरेत मणके झिजलेत लिहिलंय, पट्टा दिलाय. पट्टा घातला की बरं वाटतं, काढला की परत. आयुष्यभर पट्टा घालायचा का? काम सोडणं शक्य नाही.

उत्तर: पट्टा दिवसभर नको. दुखण्याचा भर असेल तेव्हा दोनचार दिवस ठीक, जास्त घातला तर मान अजून आखडते, स्नायू आळशी होतात. आणि ५८ व्या वर्षी कुणाच्याही मानेचा एक्सरे काढला तर झीज दिसते, दुखणं नसलेल्यांच्यातही दिसते, त्यामुळे त्या शब्दाला घाबरू नका.

एक प्रयोग आधी तुम्ही स्वतः करा मग आईला करायला लावा. आई जशी मांडीवर सूप घेऊन पाठ गोल करून, मान खाली घालून बसते तसं बसा आणि मान उजवीकडे वळवा, किती वळते लक्षात ठेवा. आता पाठ सरळ करा, हनुवटी जरा आत, आणि परत वळवा. फरक पडला? जवळजवळ सगळ्यांना पडतो. चांगली मान एका बाजूला ७०-८० अंश वळते, त्यातलं साधारण निम्मं डोक्याच्या लगेच खालच्या पहिल्या दोन मणक्यांत होतं, आणि पाठ गोल करून डोकं पुढं काढलं की त्यांना वळायला जागाच उरत नाही. म्हणजे आईची मान वळत नाही त्यातला काही भाग मानेचा नाहीच, बसण्याचा आहे.

काम सोडायला मी सांगणार नाही, मजुरी नगावर असते, तिथं बसून "विश्रांती घ्या" म्हणणं सोपं आहे. पण बसण्याखाली चार बोटं जाड घडी, चादरीची किंवा पोत्याची, म्हणजे कंबर पुढं कलते आणि पाठ आपोआप सरळ येते. भिंतीला पाठ. सूप मांडीवरून उचलून पाटावर किंवा उशीवर, जेवढं वर येईल तेवढी मान कमी वाकते. आणि प्रत्येक कट्टा बांधून झाला की, घड्याळ बघायला नको, हनुवटी आत घेऊन दोन्ही बाजूला तीनतीनदा मान वळवायची, खांदे मागं फिरवायचे. दिवसभरात होणारी ही बारीक बारीक हालचाल सकाळच्या वीस मिनिटाच्या व्यायामापेक्षा जास्त उपयोगी पडते असं माझं मत आहे. मान गोल गोल गरगरा फिरवायचा व्यायाम मात्र नको, चक्कर येते.

हाताला मुंग्या, हातातून वस्तू गळणं, चालताना तोल जाणं, पाय जड पडणं, यातलं काही असलं तर हा सल्ला बाजूला ठेवून डॉक्टरांकडे न्या.

प्रश्न: मॅडम मी येळ्ळूरचा, अग्निवीरची तयारी करायलोय. रोज पहाटे रनिंग. दोन प्रॉब्लेम, पायाचे अंगठे धरायला येत नाही आणि उकिडवं बसलो की टाच उचलते, मागं पडतो. तालमीत बैठका मारतो तरी असं. मित्र म्हणतो रनिंगच्या आधी दहा मिनिटं स्ट्रेचिंग कर, दुखापत होत नाही. खरं काय?

उत्तर: बैठका मारून टाच खाली टेकत नाही याचं नवल नाही रे, आपली तालमीतली बैठक चवड्यावरच असते, टाच उचलूनच खाली जातो, त्यात घोट्याला पुढं वाकायचं कामच पडत नाही. तपासायचं असेल तर टाचेखाली दीड-दोन इंच फळी ठेवून उकिडवा बस. फळीवर आरामात जमलं तर अडचण घोट्यात आहे. घोटा वर १५-२० अंश वाकतो आणि अंगाचं वजन आलं की त्याहून बराच जास्त, तेवढा तुझा होत नसेल. भिंतीकडे तोंड करून पाऊल मागं घे, टाच न उचलता गुडघा भिंतीला लागला पाहिजे, अंगठा आणि भिंत यात दहा सेंटीमीटरच्या आसपास अंतर असताना लागला तर ठीक. फार कमी असेल किंवा दोन पायांत फरक असेल तर हाच व्यायाम म्हणून कर.

अंगठे धरायचं म्हणशील तर, उताणं झोपून गुडघा वाकवला तर मांडी पोटाकडे १२० पर्यंत येते, गुडघा सरळ ठेवून पाय उचलला तर ८० च्या आसपास थांबतो. सांधा तोच, पण मांडीमागचा स्नायू खुबा आणि गुडघा दोन्हींवरून जातो, दोन्हीकडून ताणला की त्याची लांबी संपते. त्यामुळे अंगठे हाताला लागले नाहीत म्हणून खुबा खराब नाही. एका वेळी ३० सेकंद ताणून धरायचं, साठ धरून त्याहून जास्त मिळत नाही असं १९९४ च्या एका अमेरिकन अभ्यासात दिसलं होतं, आणि झटके देत वाकायचं नाही.

मित्राचं मात्र अर्धंच बरोबर. रनिंगच्या आधी एकेक स्नायू मिनिट मिनिट ताणून धरलास तर थोडा वेळ त्याचा जोर कमी पडतो, १.६ किलोमीटरच्या रनिंगला आणि नऊ फुटी खड्ड्याच्या उडीला ते परवडणार नाही. आणि त्यानं दुखापत टळते याला तसा मोठा पुरावा नाही. आधी हलकं जॉगिंग, गुडघे वर, पाय पुढं मागं झुलवणं. ताणून धरायचं ते नंतर, अंग गरम असताना. भरतीच्या मैदानात अंगठे धरायला कुणी सांगत नाही, त्यामुळे त्यापायी झोप घालवू नकोस, घोट्यावर मात्र काम कर.

थोडक्यात

टिळकवाडीहून एका कॉलेजवाल्यानं विचारलंय की बोटं मोडली की संधिवात होतो का, आजी ओरडते. होत नाही. सांध्यातल्या वंगणात दाब एकदम कमी होऊन पोकळी तयार होते तो आवाज, २०१५ मध्ये कॅनडात एमआरआय चालू ठेवून बोट ओढून हे बघितलं गेलं. परत आवाज यायला वीसेक मिनिटं लागतात ते त्यामुळेच. डोनाल्ड अंगर नावाच्या अमेरिकन डॉक्टरनं साठ वर्षं एकाच हाताची बोटं मोडली, दुसऱ्याची नाही, दोन्ही हात सारखेच राहिले, २००९ मध्ये त्याला त्याबद्दल इग नोबेल (नोबेलच्या नावावरचं गमतीशीर बक्षीस) मिळालं. आवाजाबरोबर दुखत असेल किंवा सूज असेल तर गोष्ट वेगळी. आजीसमोर मोडू नको एवढंच.

चिकोडीहून एका आईनं लिहिलंय, मुलगी ११ वर्षाची, भरतनाट्यमला जाते, कोपर उलटं वाकतं, अंगठा मनगटाला टेकतो, क्लासमध्ये सगळे कौतुक करतात, पण गुडघे दुखतात. ताई, कौतुक जरा कमी करा. हे सांध्याचं ढिलेपण आहे, बायटन नावाची नऊ गुणांची तपासणी असते ती फिजिओकडून करून घ्या, मुलांत असं ढिलेपण मोठ्यांपेक्षा जास्तच सापडतं आणि बऱ्याच जणांत वयाबरोबर कमी होतं, त्यामुळे नुसतं वाकतंय म्हणून आजार समजू नका. पण अशा मुलीला अजून स्ट्रेचिंग नको, ताकद पाहिजे. आणि अरमंडीत, म्हणजे गुडघे बाहेर वळवून अर्धं बसतात त्या नाचातल्या बैठकीत बघा, पावलं बाहेर वळलेली आणि गुडघे पुढं राहिलेत का? वळण खुब्यातून यायला पाहिजे. खुबा वळतो त्यापेक्षा पावलं जास्त फिरवली की उरलेला पीळ गुडघ्याला बसतो, दुखणं बहुधा तिथलंच. क्लासच्या ताईंना सांगून पावलं थोडी कमी फिरवायला लावा आणि महिनाभरानं गुडघे काय म्हणतात ते कळवा.